शिंपल्यातून जुना पाऊस कसा वाचतात? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

प्राचीन मोसमी पावसाबद्दल कुठे बोलायला उभा राहिलो की पहिल्या दहा मिनिटांतच हात वर व्हायला लागतात, आणि प्रश्न बहुतेक तेच असतात. ते इथे एकत्र उतरवून काढले आहेत. जिथे खरी मेख आहे तिथे उत्तर लांबलं आहे, बाकीची दोन-चार ओळींत संपतात.

शिंपल्यात पाऊस साठतो म्हणजे नेमकं काय?

साठत नाही. शिंपल्यात नोंद राहते ती पाण्याची. ज्या पाण्यात तो प्राणी वाढला त्या पाण्याची. त्या पाण्यावरून आपण पावसाचा माग काढतो. मधली ही पायरी गाळून कुणी "शिंपल्याने सांगितला प्राचीन पाऊस" असा मथळा दिला की माझ्या कपाळाला आठी पडते, कारण या विषयातले निम्मे वाद त्या गाळलेल्या पायरीवरच झाले आहेत.

तिसरी, कालव, खुबा, शंखातला प्राणी हे सगळे भोवतालच्या पाण्यातून कॅल्शियम आणि कार्बोनेट घेऊन कवच बांधतात. कवच एकदम होत नाही, काठाकाठाने वाढतं. बाजारातून आणलेली तिसरी धुताना बोट फिरवा: बिजागराजवळचा टोकदार भाग हे तिचं लहानपण, आणि बाहेरची धार हे जाळ्यात सापडण्याआधीचे तिचे शेवटचे दिवस. मधल्या रेघा म्हणजे मधला काळ. जुन्या शिंपल्यातही क्रम हाच, फक्त शेवटचे दिवस कित्येक हजार वर्षांपूर्वीचे.

पण कवचात पाण्याची नोंद राहते कशी?

कॅल्शियम कार्बोनेटमध्ये ऑक्सिजन असतो, आणि सगळा ऑक्सिजन एकसारख्या वजनाचा नसतो. बहुतेक अणू ऑक्सिजन-१६ चे. पाचशेत साधारण एक अणू ऑक्सिजन-१८ चा, म्हणजे किंचित जड. (ऑक्सिजन-१७ सुद्धा असतो, पण इतका कमी की इथे तो सोडून देऊ.)

समुद्राचं पाणी वाफ होऊन वर जाताना हलके रेणू जास्त सहज निघतात. पुढे ढगातून पाऊस पडताना जड रेणू आधी खाली येतात. त्यामुळे पावसाचं आणि नदीचं पाणी समुद्राच्या पाण्यापेक्षा 'हलकं' असतं. उष्ण कटिबंधात आणखी एक गोष्ट दिसते: पाऊस जितका मुसळधार, तितकं त्याचं पाणी सहसा अधिक हलकं. डेन्मार्कच्या विली डान्सगार्ड यांनी १९६४ साली हे जगभरच्या नमुन्यांवरून मांडलं. म्हणजे नदीला पूर आला, खाडीचं पाणी मचूळ झालं, की त्या दिवसांत चढलेल्या कवचाच्या थरात जड ऑक्सिजन थोडा कमी भरतो.

फरक फार बारीक असतो, हजारात एक-दोन भागांचा. म्हणून तो टक्क्यांत न मोजता 'हजारात किती' असा मोजतात.

मग झालंच की! यात अवघड काय आहे?

तापमान. पाणी तेच राहिलं पण कोमट झालं, तरी कवचात जड ऑक्सिजन कमी जातो. साधारण सव्वाचार अंश तापमान वाढलं की हजारात एक भागाची घट. म्हणजे हलका थर सापडला तर तो उन्हाळ्याचा की पावसाळ्याचा, हे त्या एका आकड्यावरून कळत नाही. समीकरण एक आणि अज्ञात दोन, हे शाळेतलं दुखणं इथेही सुटत नाही.

गंमत म्हणजे ही पद्धत जन्माला आली ती तापमापक म्हणूनच. अमेरिकन रसायनशास्त्रज्ञ हॅरॉल्ड युरी यांनी दुसऱ्या महायुद्धानंतर ही कल्पना मांडली, आणि १९५१ साली त्यांच्या गटाने स्कॉटलंडच्या स्काय बेटावरच्या ज्युरासिक काळातल्या एका बेलेम्नाइटचं (माकुलाच्या दूरच्या नातलगाचं) कवच आतून बाहेर थराथराने तपासलं. त्यांनी काढलेला निष्कर्ष मला अजूनही थक्क करतो: या प्राण्याने तरुणपणानंतर तीन उन्हाळे आणि चार हिवाळे पाहिले आणि तो वसंतात मेला. पंधरा कोटी वर्षांहून जुन्या प्राण्याच्या मृत्यूचा ऋतू! पण पाणी सगळा वेळ तसंच होतं हे त्यांनी गृहीत धरलं होतं. खुल्या समुद्रात ते एकवेळ चालतं, नदीच्या मुखाशी अजिबात नाही. युरींना जी अडचण वाटली असती, तीच आम्हाला हवी असते.

तापमान आणि गोडं पाणी यांची फोड कशी करतात?

तापमान दुसऱ्या कुठल्या तरी वाटेने काढून वजा करायचं. समजा, खाडीतल्या एका शिंपल्यात वर्षभरात हजारात अडीच भागांचा चढउतार दिसला. तिथलं पाणी वर्षात चार अंशांनी बदलतं असं ठरलं, तर त्याने एक भागाच्या आतबाहेरचा हिशेब मिटतो. उरलेला दीड भाग गोड्या पाण्याचा. आता समुद्राचं पाणी आणि नदीचं पाणी यांच्यात साडेचार भागांचा फरक असेल, तर पुराच्या दिवसांत त्या शिंपल्याभोवतीचं एक तृतीयांश पाणी नदीचं होतं असं म्हणता येतं. हे आकडे मी समजावण्यासाठी घेतले आहेत, पण हिशेब अस्साच मांडतात.

तापमानाच्या 'दुसऱ्या वाटा' बऱ्याच आहेत. सूक्ष्मजीवांच्या कवचात मॅग्नेशियमचं कॅल्शियमशी प्रमाण तापमानाबरोबर वाढतं, अंशाला साधारण नऊ टक्के. दुसरी वाट अधिक देखणी आहे: कार्बनचा जड अणू आणि ऑक्सिजनचा जड अणू एकमेकांना चिकटलेले किती सापडतात ते मोजायचं. थंडीत ही जोडी जास्त जमते, आणि त्यासाठी पाणी कसलं होतं हे माहीत असण्याची गरजच नाही. कॅलिफोर्नियात जॉन आयलर यांच्या गटाने ही पद्धत उभी केली. तिच्यावरच्या २००६ सालच्या पायाभूत शोधनिबंधाचे पहिले लेखक प्रसेनजित घोष पुढे बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेत आले. तोटा एवढाच की तिला नमुना जास्त लागतो.

तिसरी वाट थेट नदीकडे नेते: बेरियम. नद्या गाळाबरोबर बेरियम आणतात आणि खारं पाणी लागलं की ते गाळ सोडून पाण्यात उतरतं. कवचात बेरियम वाढलं तर नदी फुगली होती असा संशय घ्यायला जागा मिळते. गिनीच्या आखातातल्या एका गाळाच्या नळीवर हीच युक्ती वापरून २००७ साली पश्चिम आफ्रिकेच्या मोसमी पावसाचा १ लाख ५५ हजार वर्षांचा आलेख काढला गेला.

आपल्या कोकणातले शिंपले घेऊन हे करता येईल का?

करता येईल, पण आपला किनारा या कामाला खट्याळ आहे. दोन कारणांनी.

पहिलं असं. पावसाळ्यात नद्या भरून येतात, पाणी हलकं होतं, म्हणजे कवचातला आकडा खाली जायला हवा. पण नेमक्या त्याच दिवसांत केरळपासून गोव्यापर्यंतच्या किनाऱ्यालगत खालचं थंड पाणी वर येतं. थंड पाण्याने आकडा वर जातो. दोघं एकमेकांना खेचतात आणि शिंपल्यात जे उरतं ते बिचाऱ्या पावसाच्या मानाने फारच सौम्य दिसतं. नुसता ऑक्सिजन बघून कुणी "त्या वर्षी पाऊस बेताचाच होता" म्हटलं तर त्याला आधी तापमान विचारा.

दुसरं कारण माझ्या मते जास्त गंभीर आहे. समुद्राच्या पाण्याची सवय असलेल्या शिंपल्याला एकदम गोडं पाणी लागलं की तो काय करतो? तोंड मिटून बसतो. दोन्ही शिंपा घट्ट आवळून, खाणंपिणं बंद, वाढ बंद. आषाढात खाडी तांबडी होऊन वाहत असते तेव्हा मांडवी-झुवारीसारख्या खाड्यांत वरच्या भागातला खारेपणा जवळजवळ शून्यावर येतो. आपल्याला ज्या आठवड्यांचा पाऊस हवा असतो, नेमक्या त्याच आठवड्यांत नोंद करणारा रजेवर! कवचात तिथे उरते ती फक्त एक दाट काळपट रेघ. तिच्या अलीकडे ज्येष्ठ, पलीकडे भाद्रपद किंवा आश्विन, आणि मधला पाऊस गायब.

म्हणून प्राण्याची निवड महत्त्वाची. खारं-गोडं दोन्ही सोसणारे, खाडीत रुळलेले कालवांसारखे जीव जास्त कामाचे. आणि जुन्या शिंपल्याला हात लावण्याआधी त्याच जातीचा जिवंत शिंपला त्याच किनाऱ्यावर वर्षभर पाळून बघावा लागतो: दर पंधरवड्याला पाणी मोजायचं, मग कवच कापून ताळा जमतो का ते पाहायचं. हे काम कंटाळवाणं आहे, ते केल्याबद्दल कुणी वर्तमानपत्रात छापत नाही, आणि त्याशिवाय पुढचं सगळं हवेत राहतं.

प्रयोगशाळेत शिंपल्याचं काय करतात?

आधी त्याला पारदर्शक रेझिनमध्ये बसवतात, नाहीतर कापताना तो तडकतो. मग हिऱ्याची धार असलेल्या संथ करवतीने बिजागरापासून काठापर्यंत सरळ चीर घेतात आणि कापलेला पृष्ठभाग घासून गुळगुळीत करतात. दिव्याखाली धरला की कडेकडेने पांढरे आणि करडे पट्टे दिसतात, कांदा उभा चिरल्यासारखे. त्या पट्ट्यांवर दातांच्या डॉक्टरांकडच्यासारख्या, पण त्याहून बारीक ड्रिलने ओळीने छिद्रं पाडायची. प्रत्येक छिद्रातून निघणारी पूड रांगोळीच्या चिमटीच्याही कितीतरी कमी. एका ग्रॅमचा दहा हजारावा भाग, कधी त्याचाही निम्मा. श्वास जोरात सोडला तर नमुना गेला. हे घडताना मी पाहिलं आहे, आणि नंतर त्या खोलीत जी शांतता पसरते तीही.

पुडीवर फॉस्फोरिक आम्ल घातलं की कार्बन डायऑक्साइड सुटतो, आणि तो वायू वस्तुमान-वर्णपटमापकात जाऊन जड-हलक्या अणूंची मोजदाद होते. एका शिंपल्यामागे असे पन्नास-शंभर नमुने सहज होतात. आता ड्रिल न वापरता लेझरनेही कवचातली मूलद्रव्यं मोजता येतात. बोर्निओच्या पूर्व भागात सापडलेल्या, मायोसीन काळातल्या (साधारण सव्वादोन कोटी ते पन्नास लाख वर्षांपूर्वीच्या) राक्षसी शिंपल्यांत या पद्धतीने रोजच्या वाढीच्या रेघासुद्धा वाचल्या गेल्या आहेत. ओमानमधल्या सुमारे ७ कोटी वर्षांपूर्वीच्या एका शिंपल्यात तर वर्षाचे ३७२ दिवस मोजले गेले, कारण तेव्हा पृथ्वी जरा भरभर फिरत होती.

फोरॅमिनिफेरा हे नाव सतत येतं. ते शिंपलेच का?

नाही. ते एकपेशीय जीव आहेत, पण कवच त्यांनाही असतं आणि तेही बहुधा कॅल्शियम कार्बोनेटचंच. समुद्राच्या वरच्या थरात तरंगणारी 'ग्लोबिजेरिनॉइडिस रुबर' ही जात या कामातली लाडकी. तिचं कवच मिलिमीटरच्या पावापेक्षा थोडं मोठं, आयुष्य काही आठवड्यांचं. मेली की कवच तळाशी. खाली गाळाचे थर साचत जातात, आणि जहाजावरून पोकळ नळी रोवून तो गाळ क्रमाने वर काढता येतो.

गाळ चाळणीवर धुतला की उरतं ते दिसायला वाळूसारखं. सूक्ष्मदर्शकाखाली काळ्या ताटलीत पसरून, ओल्या कुंचल्याच्या टोकाने एकेक कवच उचलायचं. तांदूळ निवडण्याची सवय असलेल्या हातांना हे लवकर जमतं.

शिंपला आणि फोरॅम (फोरॅमिनिफेराचं सुटसुटीत नाव) यांच्यात फरक आहे तो रोजनिशी आणि खातेवहीचा. शिंपला दोन-चार वर्षांची, कधी काही दशकांची रोजनिशी लिहितो, आठवड्याआठवड्याची, पण तेवढीच. फोरॅमच्या गाळात लाखो वर्षांचा हिशेब सलग सापडतो, मात्र एकेका नमुन्यात दशकं-शतकं मिसळलेली असतात. तळावरचे किडे गाळ उकरून त्यात आणखी गोंधळ घालतात. मोसमी पावसाचा ऋतू बघायचा असेल तर शिंपला, युग बघायचं असेल तर फोरॅम.

मोसमी पावसावर हे काम कुठे झालं आहे?

सर्वांत सोयीची जागा बंगालचा उपसागर. गंगा, ब्रह्मपुत्रा, महानदी, इरावती अशा नद्या तिथे इतकं गोडं पाणी ओततात की उत्तरेकडचा भाग पावसाळ्याच्या शेवटी अरबी समुद्रापेक्षा कितीतरी अळणी होतो. म्हणजे पाऊस आणि कवच यांच्यातली साखळी तिथे तुलनेने सरळ आहे. २०१४-१५ च्या हिवाळ्यात 'जॉइडिस रेझोल्यूशन' या जहाजाने तिथे खास मोसमी पावसासाठी मोहीम केली. महानदीच्या मुखासमोरच्या गाळावरून स्टीव्हन क्लेमेन्स आणि सहकाऱ्यांनी २०२१ साली गेल्या ९ लाख वर्षांचा पाऊस मांडला, फोरॅमच्या जोडीला झाडांच्या पानांवरचं मेणही वापरून. नुसत्या सूर्यप्रकाशाच्या चढउताराने हा पाऊस हलत नाही. हवेतला कार्बन डायऑक्साइड, ध्रुवाकडचं बर्फ आणि दक्षिण गोलार्धातून येणारी वाफ यांचा त्यात मोठा हात आहे, असा त्यांचा निष्कर्ष.

इथे एक वजाबाकी विसरून चालत नाही. हिमयुगात हलकं पाणी बर्फात अडकून पडलं होतं, त्यामुळे सबंध जगाचा समुद्रच हजारात सुमारे एक भागाने जड झाला होता. तो भाग आधी काढायचा, मग तापमान काढायचं, आणि मग उरलेल्यात पाऊस शोधायचा.

गोव्याचं नाव यात येतं ते का?

दोना पावलाला राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था आहे म्हणून. तिथल्या राजीव निगम आणि सहकाऱ्यांनी कारवारजवळ, काळी नदीच्या मुखासमोरच्या गाळातले फोरॅम तपासले. त्यांनी रसायन नव्हे, आकार पाहिला: कवचातली पहिली खोली किती मोठी. गोड्या पाण्याच्या कमी-जास्तीबरोबर तिचं सरासरी माप बदलतं हे आधी दाखवून, मग गाळात खाली जात त्यांनी दुष्काळांचा माग काढला. १९९५ साली त्यांनी भारतातल्या दुष्काळांना ७७ वर्षांचं आवर्तन असल्याचं मांडलं आणि त्याचा संबंध सूर्यावरच्या घडामोडींशी जोडला.

माझं मत विचाराल तर पद्धत मला फार आवडते, कारण तिला महागडं यंत्र लागत नाही. आवर्तनाबाबत मी हात राखून असतो. गाळाच्या थरांची वयं थोडी इकडेतिकडे झाली तरी अशा आकड्यात फरक पडू शकतो. ७७ वर्षं धरून पुढच्या दुष्काळाची तारीख काढणारे लोक भेटतात. तो उद्योग करू नये.

ओमानच्या किनाऱ्यावरचे फोरॅमसुद्धा मान्सून सांगतात म्हणे?

सांगतात, पण वाऱ्याचा. नैर्ऋत्य मोसमी वारे जोरात वाहिले की ओमानसमोर खालचं थंड, खाद्याने भरलेलं पाणी वर येतं आणि 'ग्लोबिजेरिना बुलॉइडिस' ही जात भरभरून वाढते. तिचं प्रमाण मोजून अनिल गुप्ता आणि सहकाऱ्यांनी २००३ साली गेल्या दहा-अकरा हजार वर्षांतल्या मोसमी वाऱ्यांची कहाणी लिहिली, आणि उत्तर अटलांटिक गारठला की इकडचे वारे मंदावतात हे दाखवलं. काम उत्तमच. पण वारा जोरात म्हणजे विदर्भात पाऊस जोरात, असं समीकरण आपण मनातल्या मनात करून टाकतो. जून कोरडा गेलेला आणि वारा मात्र भणाणत असलेला, हे ज्यांनी अनुभवलं आहे त्यांना मी काय म्हणतो ते कळेल.

पेरूचे शिंपले एवढे प्रसिद्ध का?

कारण तिथे गोड्या पाण्याची भानगडच नाही. पेरूचा किनारा वाळवंटी, समुद्र थंड. एल निनोच्या वर्षी समुद्र तापतो आणि त्या वाळवंटावर धो धो पाऊस कोसळतो, नाले फुटतात, गावं वाहून जातात. म्हणजे तिथे शिंपल्याने फक्त 'पाणी गरम होतं' एवढं सांगितलं तरी पावसाचा अंदाज बांधता येतो. आपल्याकडे जे तापमान वजा करून फेकून द्यायचं, तेच तिथे सोनं. साखळी प्रत्येक किनाऱ्याची वेगळी असते हे पटवायला मी नेहमी हेच उदाहरण देतो.

तिथे हजारो वर्षं माणसांनी शिंपले खाल्ले आणि टरफलांचे उकिरडे मागे ठेवले. १९९६ साली डॅनियल सँडवाइस आणि सहकाऱ्यांनी अशा उकिरड्यांत कुठल्या जाती आहेत ते पाहिलं. जिथे आज थंड पाण्यातल्या जाती असायला हव्यात तिथे जुन्या थरांत उष्ण पाण्यातल्या निघाल्या, आणि त्यावरून आजच्यासारखा एल निनो सुमारे ५ हजार वर्षांपूर्वी सुरू झाला असं त्यांनी म्हटलं. वाद झाला, व्हायलाच हवा होता. पुढे मॅथ्यू कॅरे यांच्या गटाने 'माचा' या शिंपल्याच्या कवचातला ऑक्सिजन थराथराने मोजला. एक माचा जगतो थोडीच वर्षं, म्हणून वेगवेगळ्या काळातले पुष्कळ माचे घेऊन समुद्र वर्षावर्षाला किती हेलकावत होता ते काढलं. २०१४ साली निघालेलं चित्र असं: एल निनो आधीही होता, पण ४ ते ५ हजार वर्षांपूर्वी तो फारच मवाळ पडला होता. दरम्यान खुद्द माच्याची कथा करुण आहे. १९८२-८३ च्या एल निनोत गरम पाण्याने पेरूच्या किनाऱ्याच्या मोठ्या भागातून तो नाहीसाच झाला.

मान्सून किती जुना आहे हे शिंपल्यांनी सांगितलं का?

काही प्रमाणात. मान्सून सव्वादोन ते अडीच कोटी वर्षांपूर्वी, हिमालय-तिबेट उंचावल्यावर सुरू झाला असं बराच काळ मानलं जात होतं. २०१४ साली अलेक्सिस लिश्त आणि सहकाऱ्यांनी म्यानमारमधले इओसीन काळाच्या उत्तरार्धातले, म्हणजे साडेतीन कोटी वर्षांहून जुने शंख आणि सस्तन प्राण्यांचे दात तपासले. ऑक्सिजन एकूणच हलका होता, आणि वर्षाच्या आत मोठा चढउतार होता: कोरडा ऋतू, मग ओला ऋतू. मान्सूनची हीच तर खूण.

घरातल्या शाळिग्रामावरून काही कळेल का?

शाळिग्राम म्हणजे गंडकीच्या पात्रात मिळणारे अ‍ॅमोनाइटचे जीवाश्म. आज हिमालय आहे तिथल्या जुन्या समुद्रातले ते जीव. पण त्यात मूळ कवच सहसा उरलेलं नसतं, ठसा किंवा बदललेलं खनिज असतं. ऑक्सिजन मोजला तर तो नंतरच्या खडकातल्या पाण्याचा निघेल. देव्हाऱ्यातच असू द्या.

आणि सह्याद्रीत?

सह्याद्री लाव्हाचा, तिथे समुद्री शिंपले कुठले? मात्र दोन लाव्हाप्रवाहांच्या मध्ये जे तळ्यांचे गाळ दबले आहेत, त्यांत 'फायसा' नावाचे गोड्या पाण्यातले शंख सापडतात. विदर्भातल्या भूशास्त्राच्या विद्यार्थ्यांच्या ते ओळखीचे असतात. समुद्री जीवाश्मांसाठी कच्छला किंवा तमिळनाडूत अरियलूरला जावं.

कवच नंतर बदललेलं नाही हे कसं ओळखतात?

तिसऱ्या आणि बहुतेक शंख आपलं कवच अ‍ॅरागोनाइट या खनिजाचं करतात. ते जरा चंचल असतं, काळाच्या ओघात त्याचं कॅल्साइट होतं, आणि तसं होताना मूळ नोंद पुसली जाते. म्हणून क्ष-किरणांनी आधी खनिज तपासायचं. अ‍ॅरागोनाइटच्या शिंपल्यात कॅल्साइट दिसलं की तो नमुना बाद. कालवांची कवचं मुळात बहुतांशी कॅल्साइटची, त्यांना ही सोपी कसोटी लागू पडत नाही. तिथे सूक्ष्मदर्शकाखाली थरांची ठेवण बघावी लागते. बरेचसे जीवाश्म या पहिल्या चाळणीतच गळतात.

वय कसं ठरवतात?

सुमारे ५० हजार वर्षांपर्यंत कार्बन-१४. त्यात समुद्राची एक खोड आहे: खोल पाणी जुना कार्बन बाळगून असतं, त्यामुळे आज मेलेला शिंपलाही शेकडो वर्षं जुना भासतो. ती दुरुस्ती किनाऱ्यागणिक वेगळी. त्याहून जुन्यासाठी कवचातल्या स्ट्राँशियमच्या समस्थानिकांचं (जड-हलक्या अणूंचं) प्रमाण जगभरच्या समुद्राच्या ज्ञात आलेखाशी जुळवतात.

धोलावीरा पाण्याअभावी उजाड झालं, हे शिंपल्यांवरून सिद्ध झालं का?

'सिद्ध' हा शब्द सोडा. कच्छच्या रणातल्या या हडप्पा नगरीच्या परिसरातले, खारफुटीत राहणाऱ्या 'टेरेब्रालिया' या शंखाचे नमुने खरगपूर आयआयटीच्या अनिंद्य सरकार यांच्या गटाने तपासले. ते काम २०२० साली छापून आलं. कवचातल्या ऑक्सिजनवरून त्यांनी सुचवलं की नगर भरात असताना हिमनद्यांचं पाणी आणणारी एखादी नदी रणात येऊन मिळत असावी. तिचं आटणं आणि ४,२०० वर्षांपूर्वीचा मोठा दुष्काळ यांचा संबंध नगराच्या ऱ्हासाशी त्यांनी जोडला. यात गोडं पाणी स्थानिक पावसाचं नसून दूरच्या डोंगरांतलं आहे, हे लक्षात घ्या. शिंपल्याला पाणी कळतं, ते कुठल्या ढगातून पडलं ते आपण ठरवायचं असतं.

अमुक वर्षी किती मिलिमीटर पाऊस पडला, हे निघेल?

नाही. कमी-जास्त, ऋतू ठळक की पुसट, पूर आला की नाही, इथवरच. मिलिमीटरमध्ये आकडा देणाऱ्याला त्याची चूकमर्यादा विचारा.

हवामान खात्याच्या नोंदी असताना ही उठाठेव कशाला?

कुलाब्याची वेधशाळा १८२६ ची, हवामान खातं १८७५ चं. एवढ्या काळात मान्सूनने जे केलं तेवढंच तो करू शकतो, असं मानायला काही आधार नाही. पुढचा पाऊस सांगणारी संगणकी प्रारूपं आपण वापरतो, पण हवा आजच्याहून फार वेगळी असताना ती बरोबर चालतात का, हे तपासायला जुना काळच हाताशी आहे. साधारण ९-१० हजार वर्षांपूर्वी उत्तर गोलार्धाच्या उन्हाळ्यात पृथ्वी सूर्याच्या आजच्यापेक्षा जवळ असे, आणि तेव्हाचा मान्सून दणकट होता असं फोरॅम सांगतात. प्रारूपाला तोच काळ चालवायला द्यायचा आणि ताळा बघायचा.

समुद्रच लागतो का? आमच्याकडे लातूरला समुद्र नाही.

पण गोगलगायी आहेत! २०२२ साली ज्यांनी मराठवाड्यात सोयाबीनचे कोंब खाल्ले, त्या मोठ्या आफ्रिकन गोगलगायीचं कवच पावसाच्याच पाण्यावर वाढतं. मधे नदी नाही, खाडी नाही. वर आलेल्या प्रसेनजित घोष यांच्या गटाने २०१७ साली याच जातीच्या कवचात अतिवृष्टीच्या खुणा वाचून दाखवल्या. ती सुस्तावते कोरड्या दिवसांत, म्हणजे समुद्री शिंपल्याच्या बरोबर उलट. शेतकऱ्यांना हे सांगितलं की ते हसतात, आणि "न्या मग पोतंभर" म्हणतात.

मला विहीर खणताना जुने शिंपले सापडले आहेत. काय करू?

धुऊ नका, आणि व्हिनेगरमध्ये तर मुळीच बुडवू नका. आम्लाने तो विरघळतो. वॉर्निश लावू नका. भोवतालच्या मातीसकट कागदात गुंडाळा, किती फुटांवर आणि कुठे सापडला ते त्याच कागदावर पेन्सिलीने लिहा, आणि विहिरीच्या भिंतीचा एक फोटो काढून ठेवा, शेजारी मोजपट्टी धरून. दोन्ही शिंपा जोडलेल्या असतील तर उघडू नका. अशी जोडी म्हणजे तो जिथे मेला तिथेच राहिला असण्याची शक्यता मोठी. मग जवळच्या विद्यापीठाच्या भूशास्त्र विभागाला कळवा. किनाऱ्यावर राहत असाल तर आणखी एक: राक्षसी शिंपल्यासारख्या काही जाती वन्यजीव संरक्षण कायद्याखाली येतात, त्या उचलून घरी आणू नयेत. आणि चुन्याच्या भट्टीसाठी कुणी असा जुना थर खणत असेल, तर भट्टी पेटण्याआधी कळवा.